शेटे सरांचा तास

शेटे सरांना आवाज गेल्यावर ज्यांनी पाहिलं, ते लोक सांगतात, फार शांत गृहस्थ हो. ऐकून मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. शांत? आमच्या बीडच्या कॉलेजात सरांचा इतिहासाचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातले अर्थशास्त्राचे मास्तर खिडक्या लावून घ्यायचे, आणि तरीही त्यांच्या पोरांच्या वह्यांत मागणी-पुरवठ्याच्या मधोमध मलिक अंबर घुसायचा.

सरांचे वडील धारूरच्या बाजारात आडतीवर लिलाव पुकारायचे. "आवाज बापाचा, अक्कल आईची अन् पगार सरकारचा. माझं सोताचं काय हाय त्यात?" असं सर म्हणत. बांधा आडवा, रंग सावळा, कपाळावर विभूतीची पुसट रेघ आणि खिशात तंबाखूची डबी. वर्गात शिरले की पोरं उभी राहायची. सर टेबलापाशी जायचे, डबी जागेवर आहे ना हे चाचपायचे आणि म्हणायचे, "बसा." एवढंच. पण त्या एका शब्दानं शेवटच्या बाकावरच्या झोपाळूचीही पाठ ताठ व्हायची. हजेरी ते घेत नसत. आलेला दिसतोच, न आलेल्याला हाका मारून काय उपेग, असा त्यांचा हिशेब.

सनावळ्यांचा त्यांना तिटकारा होता. "कवा झालं ते पुस्तकात हाय. कुनी केलं तेबी हाय. तू मला सांग, कावून केलं?" आमच्याकडे 'का' म्हणायचं झालं की 'कावून' म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी चहा पिता पिता सुचवलं की वर्गात तरी प्रमाण भाषा बोलावी. सर शांतपणे म्हणाले, "कावून?" पाहुण्यांचा उरलेला चहा बशीतच राहिला.

एकदा पावसाळ्यात पोरांना घेऊन ते कपिलधारला गेले. पोरींवर लक्ष ठेवायला म्हणून मीही होते. धबधबा भरात होता, माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सर एका दगडावर उभे राहिले आणि पाण्याच्या वरताण बोलू लागले. ही माणसं डोंगरात का आली, देवळं पाण्याजवळ का बांधली, वाटा कशा पडल्या. बघता बघता दर्शनाला आलेले लोक भोवती जमले. एका म्हातारीनं कीर्तनकार समजून त्यांच्या पुढ्यात नारळ ठेवला आणि पाया पडली. सरांनी तो तिथंच फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि म्हणाले, "इद्यापीठानं अशी बिदागी कधी दिली न्हाई मला." त्यांचा तो हसरा, पाण्यानं भिजलेला चेहरा मला अजून तसाच्या तसा दिसतो.

मग त्यांचा घसा बसला. खडूची धूळ म्हणाले, बदलती हवा म्हणाले, ज्येष्ठमध चघळून झालं. शेटेकाकू म्हणजे त्यांची बायको डबी लपवून लपवून थकल्या. शेवटी सोलापूरकडच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, घशातली गाठ साधी नाही. स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याच्या खालच्या अंगाला श्वासासाठी एक भोक ठेवलं, त्यावर सर पांढरं उपरणं गुंडाळून घेत. भर वैशाखातसुद्धा ते उपरणं गळ्यावरून निघालं नाही.

सर कामावर परतले तो दिवस मी विसरू शकत नाही. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला असेल. सर वर्गात शिरले आणि सगळी पोरं उभी राहिली. सर टेबलापाशी गेले. डबी आता नव्हतीच, तरी हात खिशाकडे गेला. मग त्यांनी तोंड उघडलं. ओठांचा 'ब' झाला, 'स' झाला, पण आवाजच नाही. त्यांनी हातानं खूण केली. पोरांना ती कळली नसेल असं नाही. पण सरांच्या तोंडून शब्द आल्याशिवाय बसायचं नाही ही वर्षानुवर्षांची सवय, आणि पहिल्यांदा बसणार कोण? कुणीच बसेना. पोरं उभी, सर उभे. मी व्हरांड्यातून जात होते, ती तिथंच थिजले. थोड्या वेळानं सरांनी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि ते बाहेर पडले. माझ्या अंगावरून गेले, पण मला त्यांनी पाहिलं नाही.

आमचे प्राचार्य माणूस वाईट नव्हते. त्यांनी सरांना बोलावून परीक्षा विभागात बसायला सांगितलं. "पगार तोच राहील, मानही तोच राहील. निवृत्तीपर्यंत आरामात जाईल, सर." आवाज गेल्यापासून सरांनी लहान पोराची पाटी जवळ ठेवली होती. तिच्यावर त्यांनी लिहिलं, 'मी मास्तर आहे.' प्राचार्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे वर्ष बघू. तुम्हाला शिकवायला जमतंय असं दिसलं तर माझी काही हरकत नाही." सरांच्या हातात एक वर्ष होतं. मास्तर राहायचं की पेपरांचे गठ्ठे मोजायचे, याचा निकाल तेवढ्यात लागायचा होता.

इथं माझा संबंध आला. मी कॉम्प्युटर विभागात होते. त्या वर्षांत बीडला गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेले, एसटीडी बूथांचे सायबर कॅफे झालेले, आणि ज्याला त्याला वाटायचं की आपलं पोर आता अमेरिकेलाच जाणार. आमचा विभाग विनाअनुदानित, म्हणजे फी पोरांची, पंखे देणगीचे आणि आम्ही देवाच्या भरवशावर. पण प्रयोगशाळेत नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं, आणि मी एका प्रशिक्षणात एक नवलाची गोष्ट पाहून आले होते.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक आख्खं गाव असतं. तिथं तुमच्या नावाची एक बाहुली असते, ती तुमच्या बोटांच्या इशाऱ्यावर चालते, बसते, वाटलं तर उडते. दुसऱ्या कुठल्या गावातल्या कॉम्प्युटरवरचा माणूसही आपली बाहुली घेऊन तिथं येतो. तुम्ही टाइप केलेलं त्याला दिसतं, त्यानं केलेलं तुम्हाला. परदेशातल्या एका विद्यापीठानं त्या जगात जागा घेऊन तिचे तुकडे शिक्षकांना फुकट वापरायला दिले होते. वर्ग भरवा, काही बांधा, पोरांना फिरवा. मी अर्ज केला होता आणि एक तुकडा आमच्या वाट्याला आला होता. त्याचं करायचं काय हे मात्र मला सुचलं नव्हतं.

मी सरांना दाखवलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'खेळ हाय का?'

"खेळच आहे, सर," मी म्हटलं. "पण आपल्या मशीनवर तिथं कुणालाच आवाज नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची पडद्याजवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी त्यांची बाहुली केली. धोतर-सदरा त्या परदेशी कपाटात कुठून मिळणार. एक लांब काळा कोट मिळाला. सर म्हणाले, म्हणजे पाटीवर लिहून म्हणाले, 'वकील दिसतो. चालंल.' मग मी त्यांना पडद्यावरचं दृश्य जवळ कसं आणायचं ते दाखवलं. त्यांनी जवळ आणत आणत बाहुलीचा गळा आणला. उघडा, सपाट, धड गळा. बराच वेळ ते नुसते त्याकडे बघत राहिले. मी उठून पाणी आणायला गेले, कारण मला तिथं बसवेना.

पहिला तास सकाळी लवकर ठेवला, कारण नंतर वीज जायची. पोरं प्रयोगशाळेत आणि सर शेजारच्या माझ्या खोलीत. तोंडासमोर नको, असं त्यांनीच लिहून दिलं होतं. पोरांच्या डोळ्यांतली कीव त्यांना सोसत नव्हती. आमची मशीनं म्हणजे म्हातारे बैल. बाहुल्यांचं अंग आधी दिसायचं आणि केस सगळ्यात शेवटी यायचे. त्यामुळे सुरुवातीला आख्खा वर्ग मुंडण केलेला. भिंतीपलीकडून एका पोराचा आवाज आला, "आरं, समद्यांचंच कुनी मेलं का काय बे?" प्रयोगशाळा खदखदली.

बाहुल्या उभ्याच होत्या. सरांनी दोन बोटांनी अक्षरं शोधत रोमन लिपीत टाइप केलं: बसा.

मग एकेक बाहुली बसू लागली. बसायचं बटण कुठं हे अजून कुणाला नीट माहीत नव्हतं. एक हवेत बसली, एक टेबलावर बसली, एक दुसरीच्या मांडीवर बसली. पण बसले सगळे. सरांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. बघितलं तर हसत होते. आणि मग खरंच रडले. दोन्हीला आवाज नव्हता, त्यामुळे एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते कळलं नाही.

पुढं एक गंमत झाली, ती आमच्या मराठवाड्यातच होऊ शकते. पोरांच्या मदतीनं सरांनी त्या जगात धारूरचा किल्ला उभारायला घेतला होता. खरा किल्ला पोरांनी पाहिलेलाच; पण हा धड होता, पडका नव्हता. एक दिवस बुजवलेल्या दरवाजापाशी सगळ्यांना नेऊन सरांनी विचारलं, हा दरवाजा बंद केला, कावून? रोमन लिपीत त्यांनी 'कावून'चा 'कौन' केला. पोरांनी तो हिंदीतला 'कौन' वाचला. उत्तरं धडाधड आली: आदिलशहा. निजामशहा. मोगल. एकानं भीतभीत लिहिलं, नगरपालिका. सर पुन्हा विचारतात, कौन? पोरं पुन्हा नावं सांगतात. सरांनी माझ्या टेबलावर हात आपटला. पाटीवर खरडलं, 'सगळी गाढवं निपजली!' मी पडद्याकडे बोट दाखवून म्हटलं, तुम्ही काय लिहिलंय ते बघा, सर. ते बघत राहिले. मग त्यांनी टाइप केलं, मी 'कौन' म्हणलो की तुमी 'कावून' वाचायचं. त्या बॅचची पोरं अजून एकमेकांना फोनवर 'कौन?' असंच विचारतात आणि नाव नाही, कारण सांगतात.

त्या पोरांत संगीता होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर टोळीबरोबर तीही कारखान्यावर जायची आणि तिचं वर्ष बुडायचं. एकदा बुडालंही होतं. कॉलेजात नाव घातलं तेव्हा सरांचा आवाज गेलेला होता, म्हणजे तो आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. कारखान्याच्या गावात एक सायबर कॅफे होता. बाजारच्या दिवशी ती तिथून यायची. बाहुली किल्ल्याच्या दरवाजात उभी राहायची आणि लिहायची, "सर, म्या संगीता. आज बाजार हाय. येऊ का?"

सर लिहायचे, "ये. कोयता बाहेर ठीव."

त्या दिवशी सर तास लांबवायचे. मागच्या वेळी सुटलेलं सगळं तिच्यासाठी पुन्हा सांगायचे, आणि बाकीची पोरं कुरकुर न करता ऐकायची. मला विचाराल तर सरांचा सगळ्यात चांगला तास मी धबधब्यापाशी ऐकला नाही, तो मी या वेळी वाचला.

वर्ष संपता संपता समिती आली. विद्यापीठाची तपासणी दर काही वर्षांनी असतेच. प्राचार्यांनी मुद्दाम त्यांना सरांचा वर्ग दाखवला. समितीचे अध्यक्ष भारदस्त गृहस्थ होते. त्यांच्यासाठी मी एक बाहुली तयार ठेवली होती. ती किल्ल्यात शिरली मात्र, सगळ्या बाहुल्या उठून उभ्या राहिल्या. कुणी शिकवलेलं नव्हतं. पाहुणे आले की उभं राहायचं, एवढं आमच्या पोरांना कळतं. अध्यक्ष खूश झाले. पोरांची उत्तरं त्यांनी वाचली, प्रश्न विचारले, मान डोलावली.

मग चहा घेताना म्हणाले, "कौतुकास्पद आहे हो. पण याला तास कसं म्हणणार? नियमात शब्द 'व्याख्यान' असा आहे. व्याख्यान म्हणजे तोंडानं. हे तर टायपिंग झालं."

सरांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'मुक्याला व्याख्यान देता येत नाही, कबूल. पण बहिऱ्यांना मी उभा जन्म शिकवलं, तेव्हा कुणी माझे तास कापले नाहीत.'

प्राचार्यांनी ठसका लागल्याचं निमित्त केलं. अध्यक्ष हसले. मनापासून हसले, पाटी हातात घेऊन दुसऱ्या सभासदाला दाखवली. आणि तास कापले. अहवालात सरांचं एकही व्याख्यान धरलं गेलं नाही. सुट्टीनंतर सर परीक्षा विभागात बसले.

मला त्या माणसाचा आजही संताप येतो. पण त्याहून जास्त मला तो शब्द टोचतो. दरवर्षी पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून जांभया देत पुटपुटणाऱ्यांची व्याख्यानं धरली जातात हे मी डोळ्यांनी पाहत होते. असो. यावर बोलायला लागले तर सर बाजूला राहतील.

कागदावर सर मास्तर राहिले नाहीत. पण सकाळचा तास चालूच राहिला. त्याची नोंद नव्हती, गुण नव्हते, सक्ती नव्हती. पोरं तरी यायची. परीक्षा विभागात सर दिवसभर गठ्ठे बांधत. कुणी 'क्लार्कसाहेब' म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करत. सकाळी मात्र माझ्या खोलीत शिरताना त्यांची चाल बदलायची.

दुसऱ्या वर्षी दुखणं उलटलं. पुन्हा सोलापूरकडच्या त्या दवाखान्याच्या फेऱ्या, किरणांचे शेक, सुया. सर महिना महिना तिकडंच राहू लागले. दवाखान्यासमोर एक सायबर कॅफे होता, तिथून ते तासाला यायचे. काकू मला फोन करून म्हणायच्या, "अवं मॅडम, तुमीच सांगा ह्यांना. पाणी गिळवंना अन् तिथं जाऊन बसत्यात. म्या हात धरून नेते, काय करू? न्हाई नेलं तर भिंतीकडं त्वांड करून निजत्यात." मी त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

त्यातच परदेशातल्या त्या विद्यापीठाचं कळवणं आलं. त्यांची योजना संपली, पैसा संपला. ती जागा अमुक दिवशी मध्यरात्री बंद होणार. त्यांची मध्यरात्र म्हणजे आपली दुपार. वर्ग, किल्ला, सगळं जाणार. तिथली भिंत काढून दुसरीकडे नेता येत नव्हती. मी सरांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "तास घेऊ."

सर गेले ते त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. मातीला धारूरला नेलं. मी गेले होते, गर्दी होती, पण चेहरा मी पाहिला नाही. मुद्दामच. मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं ते त्या दुपारी, आणि मला तेच राहू द्यायचं होतं.

त्या दुपारी वीज होती. प्रयोगशाळा भरली होती. जुनी पोरंही आली होती, काही जण आपापल्या गावच्या कॅफेतून आले होते, कुणी उमापूरहून, कुणी औरंगाबादहून. संगीता कारखान्यावरून आली होती. बाजारचा दिवस नव्हता, टोळीत काय सांगून आली कोण जाणे. सगळ्या बाहुल्या किल्ल्यातल्या मोकळ्या चौकात बसल्या होत्या. सर समोर उभे होते, काळ्या कोटात. सुरुवातीला त्यांनी दोन-चार ओळी लिहिल्या. किल्ला शत्रूच्या हाती लागतो तेव्हा आतली माणसं काय करतात, असं काहीतरी सांगू लागले होते. मग थांबले. पोरांनी विचारलं, सर, पुढं?

त्या जगात माणूस टाइप करायला लागला की त्याच्या बाहुलीचे दोन्ही हात आपोआप पुढं येतात आणि हवेत हलू लागतात. लिहून संपवून बटण दाबलं की वाक्य दिसतं आणि हात खाली येतात. सरांचे हात वर आले. हलू लागले. आम्ही वाट पाहिली. वाक्य येईना. हात मधेच थांबत, पुन्हा हलत. काकूंनी नंतर सांगितलं की एकेका अक्षराला दम लागत होता, तरी उठायला तयार नव्हते. आणि काय लिवलं ते मला कुठं वाचता येतंय, मॅडम, असं म्हणून त्या रडल्या.

घड्याळाकडे माझं लक्ष होतं. पडद्याच्या वर तांबड्या पट्टीत सूचना आली की ही जागा आता बंद होत आहे. सरांचे हात हलतच होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, सर, बटण दाबा, असेल तेवढं पाठवा. पण मी इथं, ते तिथं.

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली. ती सरांची नव्हती.

"सावकाश लिवा, सर," संगीतानं लिहिलं होतं. "आमी हायेत हितंच."

सरांच्या बाहुलीनं मान वर केली, निदान मला तसं वाटलं. हात आणखी थोडे हलले. मग चौक गेला, दरवाजा गेला, सर गेले, आणि करड्या पडद्यासमोर पोरं तशीच बसून राहिली.